कोडचे तुकडे जमवण्याआधी : कॉपी-पेस्टवरचं संशोधन काय सांगतं?

"ताई, तुझी ती स्निपेट्सची फाईल पाठव ना." पेट पास होऊन कोर्सवर्क सुरू झालं की ज्युनिअर्सकडून हा मेसेज हमखास येतो. वेब डेव्हलपमेंट किंवा सिक्युरिटी टेस्टिंगमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाकडे अशी एक फाईल असतेच. तिच्यात लॉगिनचा कोड असतो, फाईल अपलोडचा असतो, तारीख नीट दाखवणाऱ्या चार ओळी असतात, ईमेल तपासणारं ते लांबलचक रेग्युलर एक्स्प्रेशन असतं. टेस्टिंगवाल्यांच्या फाईलमधला माल वेगळा : सर्च बॉक्समध्ये टाकून बघायचे इनपुट, सर्व्हरचे हेडर वाचणारी स्क्रिप्ट, एकामागून एक रिक्वेस्ट पाठवणारा लूप.

मी ती फाईल पाठवत नाही. यात कंजूषपणा नाही. तो तुकडा कुठून आणला, कशासाठी आणला आणि कुठे चालत नाही, हे माहीत नसेल तर दुसऱ्याच्या फाईलचा उपयोग कमी आणि ताप जास्त. शिवाय लोक कोड कसा कॉपी करतात आणि त्यातून काय होतं, हा गेल्या काही वर्षांत संशोधनाचा चांगला मोठा विषय झाला आहे. ज्यांना याच क्षेत्रात पीएच.डी. करायची आहे त्यांनी आधी ते वाचावं आणि मग स्वतःची वही सुरू करावी, असं माझं मत. या लेखात कोडची एकही ओळ नाही, हेही मुद्दाम. दिली असती तर तुम्ही तीच उचलली असती.

"चालतंय की!" आणि "सुरक्षित आहे का?"

सुरुवात २०१६ च्या एका अभ्यासापासून करू. यास्मिन अकार आणि सहकाऱ्यांनी ५४ अँड्रॉइड डेव्हलपर्सना प्रयोगशाळेत बसवलं आणि सुरक्षेशी संबंधित छोटी छोटी कामं करायला दिली. गट चार केले. एका गटाला फक्त अधिकृत डॉक्युमेंटेशन, एकाला फक्त स्टॅक ओव्हरफ्लो, एकाला फक्त पुस्तकं, आणि चौथ्याला काहीही वापरायची मोकळीक. स्टॅक ओव्हरफ्लोवाल्यांचा कोड डॉक्युमेंटेशन आणि पुस्तकंवाल्यांच्या तुलनेत लक्षणीय कमी सुरक्षित निघाला. इथपर्यंत सगळ्यांना अपेक्षितच वाटतं. पण निष्कर्षाचा दुसरा अर्धा भाग बरेच जण सांगायचा विसरतात : अधिकृत डॉक्युमेंटेशन वापरणाऱ्यांचा कोड स्टॅक ओव्हरफ्लोवाल्यांपेक्षा लक्षणीय कमी वेळा चालला.

म्हणजे ज्याचं काम लवकर झालं त्याचं दार उघडं राहिलं, आणि ज्याने दार नीट लावलं त्याचं काम अर्धवट राहिलं. डेव्हलपर आळशी असतो किंवा बेजबाबदार असतो, असं यातून निघत नाही. वेळ ठरलेला असताना माणूस चालणारा कोड निवडतो, कारण चालतोय की नाही हे लगेच दिसतं. सुरक्षित आहे की नाही हे दिसत नाही. कोणी आत घुसेपर्यंत दोन्ही कोड स्क्रीनवर सारखेच दिसतात.

आता हे झालं प्रयोगशाळेतलं. "५४ माणसांवरून काय कळणार?" असा प्रश्न व्हायव्हामध्ये कोणीतरी विचारणारच. त्याचं उत्तर पुढच्या वर्षी वेगळ्या पद्धतीने मिळालं. २०१७ मध्ये फेलिक्स फिशर आणि सहकाऱ्यांनी उलट्या बाजूने सुरुवात केली. स्टॅक ओव्हरफ्लोवरचे सुरक्षेशी संबंधित अँड्रॉइड कोडचे तुकडे गोळा केले, त्यातले काही हाताने तपासून सुरक्षित आणि असुरक्षित असे वेगळे केले, त्यावरून मशीनला शिकवून उरलेल्यांचं वर्गीकरण केलं, आणि मग गूगल प्लेवरच्या १३ लाख ॲप्समध्ये तेच तुकडे शोधले. १५.४ टक्के ॲप्समध्ये असे तुकडे सापडले. त्या ॲप्सपैकी ९७.९ टक्क्यांमध्ये निदान एक तुकडा असुरक्षित होता.

हा ९७.९ चा आकडा खूप ठिकाणी चुकीचा सांगितला जातो, म्हणून नीट बघा. "९८ टक्के ॲप असुरक्षित" असं हा अभ्यास म्हणत नाही. ज्या १५.४ टक्क्यांमध्ये तुकडे सापडले, त्यांच्यातले ९७.९ टक्के. दोन टक्केवाऱ्या एकावर एक असल्या की खालची आधी विचारायची. लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना ही सवय फार उपयोगी पडते.

दोन्ही पेपर शेजारी ठेवून वाचा. एकात माणसं कमी, पण कारण आणि परिणाम यांचा धागा पक्का, कारण कोणी काय वापरायचं ते संशोधकांनी ठरवलं होतं. दुसऱ्यात ॲप लाखोंनी, पण कोड जुळला म्हणजे कॉपीच झाला असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. दोघांनी तिसरीकडून उचललेला असू शकतो. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. तुमच्या प्रपोजलमध्ये "मेथडॉलॉजी" या मथळ्याखाली नेमकं काय लिहायचं असतं, ते या जोडीवरून कळतं.

ट्यूटोरियलमधली चूक आणि ११७ उघड्या खिडक्या

वेबवाल्यांसाठी मात्र मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो टॉमी उनरुह आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा पेपर. कल्पना इतकी साधी की आपल्याला का सुचली नाही असं वाटावं. नवशिका काय करतो? गूगलवर "पीएचपीमध्ये सर्च फॉर्म कसा करायचा" अशा धर्तीचं काहीतरी टाकतो आणि वरची दोन-चार ट्यूटोरियल उघडतो. संशोधकांनीही तेच केलं. वर येणारी लोकप्रिय ट्यूटोरियल घेतली, त्यातली सुरक्षेच्या दृष्टीने सदोष कोणती ते वाचून ठरवलं, आणि त्या सदोष कोडची रचना पकडणाऱ्या क्वेरी तयार केल्या. रचना म्हणजे नुसते शब्द नव्हेत. व्हेरिएबलचं नाव बदललं, मध्ये एखादी ओळ घातली, तरी ओळख पटेल अशी. मग गिटहबवरचे ६४,४१५ पीएचपी कोडबेस त्यातून चाळले. ट्यूटोरियलमधल्या सदोष तुकड्यांशी घट्ट साम्य असलेल्या ११७ त्रुटी सापडल्या.

६४ हजारांत ११७ म्हणजे किस झाड की पत्ती, असं वाटेल. पण आकड्यापेक्षा पद्धत बघा. जे संशोधकाला करता आलं ते हल्लेखोरालाही करता येतं. त्याला तुमच्या प्रोजेक्टचा अभ्यास करायची गरज नाही. तुम्ही कुठून शिकलात एवढं त्याला कळलं तरी पुरे. त्या ट्यूटोरियलमधली फट घेऊन तो सगळीकडे फिरेल. लोकप्रिय ट्यूटोरियलमधली एक चूक म्हणजे एकाच किल्लीने उघडणारी अनेक कुलपं.

ही चूक बहुतेक वेळा कोणती असते? पीएचपी आणि मायएसक्यूएलच्या बाबतीत तीच ती, जुनी. वापरकर्त्याने टाईप केलेला मजकूर थेट एसक्यूएलच्या वाक्यात जोडायचा आणि तयार झालेलं वाक्य डेटाबेसला द्यायचं. मजकुरात अवतरणचिन्ह आलं की डेटाबेसच्या दृष्टीने मजकूर तिथे संपतो आणि पुढचं सगळं हुकूम म्हणून वाचलं जातं. उपाय प्रिपेअर्ड स्टेटमेंट : वाक्याचा सांगाडा आधी पाठवायचा, किमती वेगळ्या पाठवायच्या, म्हणजे किमतीत काहीही आलं तरी ती किंमतच राहते. हे सगळ्यांना पाठ असतं. पण प्रिपेअर्ड स्टेटमेंटमध्ये टेबलचं किंवा कॉलमचं नाव असं वेगळं पाठवता येत नाही, हे पाठ नसतं. "नावानुसार लावा, किमतीनुसार लावा" असा पर्याय देणाऱ्या पानावर कॉलमचं नाव वापरकर्त्याकडून येतं, आणि वर "आम्ही प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरतो" असं छाती पुढे काढून सांगणाऱ्या प्रोजेक्टमध्ये नेमकी तिथे फट राहते. तिथे चालणाऱ्या नावांची यादी आधीच ठरवून तिच्याशी ताडून बघणं, हाच मार्ग.

वहीत तुकडा उतरवताना "हा काय करतो" याबरोबर "हा काय करत नाही" हे लिहायचं, ते यासाठी.

एक जरा मजेशीर उदाहरणही सांगते, कारण यात सुरक्षेचा प्रश्न नाही तरीही मुद्दा तोच आहे. फाईलचा आकार बाइट्समध्ये असतो, तो माणसाला वाचता येईल असा केबी, एमबीमध्ये दाखवणारा जावाचा एक छोटा तुकडा २०१० मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोवर लिहिला गेला. सेबास्टियन बाल्टेस आणि स्टेफान डील यांनी गिटहबवरच्या प्रोजेक्टमध्ये स्टॅक ओव्हरफ्लोचा कोड किती आणि कसा वापरला जातो हे तपासलं, तेव्हा जावाच्या तुकड्यांत सर्वाधिक कॉपी झालेला हाच निघाला. नंतर २०१९ मध्ये उत्तर लिहिणाऱ्यानेच जाहीर केलं की त्यात बग आहे : ९,९९,९९९ बाइट्स दिले की "१ एमबी" ऐवजी "१००० केबी" दिसतं. त्याने आपलं उत्तर दुरुस्त केलं. पण ज्यांनी आधीच उचलून नेलं होतं त्यांच्यापर्यंत ही दुरुस्ती कशी पोचणार? लायब्ररीला अपडेट येतो. चिकटवलेल्या कोडला येत नाही.

त्याच अभ्यासाचा आणखी एक निष्कर्ष : कॉपी केलेल्या तुकड्यांपैकी जास्तीत जास्त एक चतुर्थांश तुकड्यांसोबत मूळ स्रोताचा नियमाप्रमाणे उल्लेख असावा, असा त्यांचा अंदाज. स्टॅक ओव्हरफ्लोवरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय-एसए लायसन्सखाली असतो, म्हणजे श्रेय द्यावं लागतं आणि त्यावर रचलेलं काम त्याच अटींवर खुलं ठेवावं लागतं. गिटहबवर ज्या रिपॉझिटरीत लायसन्सच लिहिलेलं नाही, तिथला कोड तर डोळ्यांना दिसतो म्हणून वापरायला मोकळा आहे असं अजिबात नाही. सर्व हक्क लेखकाकडेच असतात. प्रबंधाच्या मजकुराची प्लॅगरिझम तपासणी होते म्हणून आपण वाक्यांना जपतो, आणि परिशिष्टातल्या कोडकडे कोणी बघत नाही म्हणून तिथे सगळं चालतं. तसं चालू नये.

टेस्टिंगचे तुकडे : तारीख नसेल तर निष्कर्षही नाही

बांधकामाच्या तुकड्यात चूक असली की वेबसाईट धोक्यात येते. टेस्टिंगच्या तुकड्यात चूक असली की तुमचं संशोधन धोक्यात येतं. हा फरक नवीन लोकांच्या लक्षात लवकर येत नाही, म्हणून जरा थांबून सांगते.

एक्सएसएस तपासायचं सर्वपरिचित तंत्र म्हणजे पानात एक छोटी स्क्रिप्ट घुसवायची आणि अलर्टची चौकट उघडते का ते बघायचं. चौकट उघडली म्हणजे त्रुटी आहे. वर्षानुवर्षं हेच शिकवलं गेलं. पण जुलै २०२१ मध्ये आलेल्या क्रोम ९२ पासून दुसऱ्या ओरिजिनच्या आयफ्रेममधून अलर्ट दाखवणं बंद झालं. अशा आयफ्रेममध्ये तुमची स्क्रिप्ट चालते, पण चौकट उघडत नाही. जुना तुकडा घेऊन बसलेला माणूस म्हणणार, "इथे एक्सएसएस नाही." आहे, पण त्याच्या मोजपट्टीला दिसत नाही. तेव्हा पोर्टस्विगरच्या लोकांनी अलर्टऐवजी प्रिंट फंक्शन वापरा असं सुचवलं, कारण प्रिंटची खिडकी उघडत होती.

सीएसआरएफचं उदाहरण याहून गमतीचं आहे. या हल्ल्यात दुसऱ्याच साईटवरचा एक फॉर्म तुमच्या नावाने रिक्वेस्ट पाठवतो आणि ब्राउझर इमानेइतबारे तुमची कुकी सोबत जोडतो. क्रोम ८० पासून, म्हणजे २०२० मध्ये, कुकीवर सेमसाईट हा गुणधर्म लिहिलेला नसेल तर ती "लॅक्स" धरायची असं ठरलं. मग दुसऱ्या साईटवरून आलेल्या पोस्ट रिक्वेस्टसोबत कुकी जात नाही. मात्र जुन्या साईट्स मोडू नयेत म्हणून एक सवलत ठेवली गेली : कुकी नुकतीच, दोन मिनिटांच्या आत बनलेली असेल, तर पानच बदलणाऱ्या पोस्ट रिक्वेस्टसोबत ती जाते. आता विचार करा. तुम्ही लॉगिन केलं आणि लगेच तुकडा चालवला : "त्रुटी आहे." चहा पिऊन आलात आणि तोच तुकडा, तीच साईट, तोच ब्राउझर : "त्रुटी नाही." दोन्ही नोंदी खऱ्या. पण वहीत वेळ आणि क्रोमचं व्हर्जन लिहिलेलं नसेल तर गाईडसमोर बसून तुम्ही काय समजावणार?

बांधणीच्या बाजूलाही शिळे तुकडे असतात. एक्स-एक्सएसएस-प्रोटेक्शन नावाचा हेडर "चालू" करा, असं सांगणारे कॉन्फिगरेशनचे तुकडे आजही फिरतात. ज्या फिल्टरसाठी तो हेडर होता ते ऑडिटर क्रोमने २०१९ मध्येच काढून टाकलं. ओवॅस्पची आजची शिफारस तो हेडर वापरू नका किंवा शून्य ठेवा अशी आहे. तसंच पीएचपीची जुनी मायएसक्यूएल फंक्शन्स ५.५ मध्ये कालबाह्य ठरवली गेली आणि ७.० मध्ये काढून टाकली. पण हे उदाहरण मला उलट चांगलं वाटतं, कारण तो कोड निदान मोडतो तरी. मोडला की माणूस शोधतो. जो शिळा कोड गुपचूप चालत राहतो त्याची भीती जास्त.

सगळ्यात वाईट सवय मात्र वेगळीच. पायथनमधून एचटीटीपीएस रिक्वेस्ट पाठवताना सर्टिफिकेटची एरर येते, आणि उत्तरात कोणीतरी लिहिलेलं असतं, "व्हेरिफाय फॉल्स करा." एरर जाते. जाणारच, कारण समोरचा सर्व्हर खरा आहे की नाही हे बघणंच आपण बंद केलं. स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या टेस्ट सर्व्हरशी बोलताना हे एक वेळ ठीक. पण तो तुकडा "एरर घालवायचा उपाय" या नावाने फाईलमध्ये गेला, की सहा महिन्यांनी खऱ्या प्रोजेक्टमध्ये जाऊन बसतो. म्हणून बांधणीचे आणि टेस्टिंगचे तुकडे एकाच फाईलमध्ये ठेवू नयेत, असं मी ठामपणे म्हणते. मीठ आणि खायचा सोडा शेजारी शेजारी, तेही बिनचिठ्ठीच्या डब्यांत, कोणी ठेवतं का?

चालवायचं कुठे?

इथे मी जरा कडक होणार आहे.

एसक्यूएल इंजेक्शन शिकताना सगळ्यांत पहिला तुकडा हाताला लागतो तो "ऑर १=१" चा. अट कायम खरी होते आणि सगळ्या नोंदी समोर येतात. सर्च बॉक्समध्ये निरुपद्रवी दिसतो. पण आपण टाकलेला मजकूर आतमध्ये कोणकोणत्या क्वेरीत जातो, हे बाहेरून दिसत नसतं. तोच मजकूर एखाद्या अपडेट किंवा डिलीटच्या वाक्यात पोचला तर अट सगळ्या ओळींना लागू होते, आणि एका नोंदीऐवजी अख्खं टेबल बदलतं किंवा पुसलं जातं. "मी नुसतं बघत होतो" या वाक्याला नंतर काही अर्थ उरत नाही.

कायद्याची बाजूही माहीत हवी. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधलं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरणं, डेटा काढणं, नुकसान करणं याबद्दल आहे आणि त्यात भरपाई द्यावी लागते. हीच कृत्यं अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केली तर कलम ६६ लागतं : तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम ४३ मधला कळीचा शब्द आहे "परवानगी". तुमचा हेतू शुद्ध होता, तुम्ही विद्यार्थी आहात, साईट तुमच्याच कॉलेजची आहे, यातल्या कशानेही परवानगी आपोआप मिळत नाही. कॉलेजचं रिझल्टचं पान, गावातल्या पतसंस्थेची साईट, ओळखीच्या माणसाचं ऑनलाईन दुकान, हे सराव करायचे मैदान नव्हेत. परवानगी घ्यायची तर ती लेखी हवी, आणि तिच्यात कोणता पत्ता, कोणत्या तारखा, काय करायचं आणि काय नाही हे स्पष्ट लिहिलेलं हवं. सरांनी कॉरिडॉरमध्ये "बघ की" म्हटलं, ही परवानगी नाही.

सरावासाठी मुद्दाम फटी ठेवून बनवलेली ॲप्लिकेशन्स आहेत, ती स्वतःच्या लॅपटॉपवर चालतात आणि फुकट आहेत. ओवॅस्पची ज्यूस शॉप आणि वेबगोट, शिवाय डीव्हीडब्ल्यूए. यातल्या डीव्हीडब्ल्यूएमध्ये प्रत्येक त्रुटीचा कोड सोप्या, मध्यम, अवघड आणि अशक्य अशा पायऱ्यांवर बघायला मिळतो. एकाच कामाचा सदोष आणि निर्दोष कोड शेजारी ठेवून वाचणं याहून चांगला अभ्यास नाही. फक्त ही ॲप्लिकेशन्स हॉस्टेलच्या वायफायवर सगळ्यांना उघडी ठेवू नका, लोकलहोस्टपुरती ठेवा. पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी ॲकॅडमी ऑनलाईन आहे आणि तिथल्या लॅब हल्ला करण्यासाठीच बनवलेल्या आहेत. आणि साधं काम करता करता एखाद्या साईटमध्ये खरंच त्रुटी दिसली, तर आणखी खोल न जाता मालकाला किंवा सर्ट-इनला कळवायचं, तिचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा नाही.

माझ्या वहीत एक नोंद कशी असते

उदाहरणच देते, कारण नियम सांगून उपयोग होत नाही.

बांधणीच्या वहीतली नोंद : "उत्पादनांची यादी, शोध आणि क्रम लावणे. पीएचपी ८.२, पीडीओ. मूळ : पीएचपीच्या अधिकृत मॅन्युअलमधलं प्रिपेअर्ड स्टेटमेंटचं पान, बघितल्याची तारीख. बदल : क्रमाच्या कॉलमसाठी नावांची यादी मी घातली. काय करत नाही : पानावर परत छापताना एचटीएमएलपासून संरक्षण देत नाही, ते वेगळं करायचं. तपासलं : शोधात अवतरणचिन्ह, मराठी मजकूर, रिकामा मजकूर, क्रमात यादीबाहेरचं नाव."

मराठी मजकूर मुद्दाम टाकते. "ज्ञानेश्वर" किंवा "कृष्णा" टाकून बघितलं की कॅरेक्टर सेटच्या निम्म्या भानगडी तिथेच उघड्या पडतात, आणि बाहेरून आणलेल्या तुकड्यांच्या लेखकाने हे बहुधा बघितलेलं नसतं.

टेस्टिंगच्या वहीत ओळी आणखी वाढतात : कोणत्या ब्राउझरचं कोणतं व्हर्जन, लॉगिन करून किती वेळ झाला, टारगेट कोणतं आणि त्याची परवानगी कुठे ठेवली आहे, अपेक्षित काय होतं, झालं काय, आणि "यातून काय बिघडू शकतं". शेवटच्या रकान्यात काही सुचत नसेल तर तो तुकडा मला अजून समजलेला नाही असं मी धरते आणि चालवत नाही. सोबत एक सदोष पानही ठेवते, ज्यावर तो तुकडा "सापडलं" म्हणालाच पाहिजे. प्रत्येक वेळी आधी त्या पानावर चालवायचा. केमिस्ट्रीवाले ज्याला कंट्रोल म्हणतात तेच हे. अलर्टसारखा घोळ असेल तर इथेच कळतो.

सगळं गिटमध्ये ठेवा, प्रायव्हेट रिपॉझिटरीत. गिटहबच्या गिस्टमध्ये "सीक्रेट" असा पर्याय असतो, त्याच्या नावावर जाऊ नका. लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला ते दिसतं. आणि तुकड्यात पासवर्ड, एपीआय की, डेटाबेसचा पत्ता कधीच ठेवू नका. २०१९ च्या एका अभ्यासात गिटहबवरच्या एक लाखाहून जास्त रिपॉझिटरीत अशी गुपितं उघडी सापडली होती. फाईलमधून ओळ काढून टाकली म्हणजे सुटलो असंही नाही, जुन्या कमिटमध्ये ती तशीच असते. की बदलून घेणं हाच उपाय.

कॉपी करण्याच्या क्रियेबद्दलही एक सांगायचं राहिलं. वेब पानावर दिसतं तेच क्लिपबोर्डवर येईल याची खात्री नसते. लपवलेला मजकूर सोबत येऊ शकतो, आणि त्यात ओळ तोडणारं चिन्ह असेल तर टर्मिनलमध्ये पेस्ट करताक्षणी कमांड चालूही होऊ शकते. आधी साध्या एडिटरमध्ये पेस्ट करा. २०२१ मध्ये केंब्रिजच्या निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी तर दाखवून दिलं की उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिपींसाठी असलेली युनिकोडची अदृश्य चिन्हं कोडमध्ये पेरली, तर माणसाला एक क्रम दिसतो आणि कंपायलर दुसराच वाचतो. आता बरेच एडिटर अशा चिन्हांवर इशारा देतात. तो इशारा बंद करू नका.

आणि एआय?

"आता कोण स्टॅक ओव्हरफ्लो उघडतं ताई, चॅटबॉटला विचारतो." बरोबर आहे. मीही विचारते. पण तुकडा कुठून आला हा रकाना आता आणखी महत्त्वाचा झाला, कारण इथे मूळ पान नाही, खालच्या कॉमेंट नाहीत, "हे करू नका, धोका आहे" असं ओरडणारं कोणी नाही. हॅमंड पिअर्स आणि सहकाऱ्यांनी गिटहब कोपायलटला सुरक्षेच्या दृष्टीने नाजूक ८९ प्रसंग देऊन १,६८९ प्रोग्रॅम लिहून घेतले. त्यातले सुमारे ४० टक्के सदोष होते. स्टॅनफर्डमधल्या ४७ जणांवरच्या एका प्रयोगात सहायक वापरणाऱ्यांचा कोड कमी सुरक्षित निघाला, आणि तरीही आपला कोड सुरक्षित आहे असं त्यांनाच जास्त वाटत होतं. मॉडेल तेव्हाची होती, आजची वेगळी आहेत, त्यामुळे हे आकडे आजच्या साधनांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण फाजील आत्मविश्वासाचा तो दुसरा भाग मला मॉडेलपेक्षा माणसाबद्दल जास्त वाटतो. वहीत मी मॉडेलचं नाव, तारीख आणि विचारलेला प्रश्न जसाच्या तसा लिहून ठेवते.

शेवटी, विषय शोधत असाल त्यांच्यासाठी एक प्रश्न सुचवून ठेवते. उनरुहच्या पेपरमध्ये सुरुवात गूगलच्या निकालांपासून झाली. आपल्याकडे मात्र बीसीएस, बीसीए, एमसीएची मुलं पहिला लॉगिन फॉर्म बरेचदा प्रॅक्टिकलच्या जर्नलमधून, सीनिअरच्या प्रोजेक्टच्या झेरॉक्समधून किंवा यूट्यूबवरच्या मराठी-हिंदी व्हिडिओतून शिकतात. तिथली त्रुटी एका बॅचमधून दुसऱ्या बॅचमध्ये कशी जाते? व्हिडिओतला कोड बघून हाताने टाईप केलेला असतो, त्यामुळे साम्य शोधायची पद्धत बदलावी लागेल. जर्नल मिळवायला विभागाची आणि मुलांची संमती लागेल, नावं काढून टाकावी लागतील, आणि सापडलेल्या त्रुटी आधी त्या त्या प्रोजेक्टवाल्यांना कळवाव्या लागतील. हे तिन्ही अंदाज घ्यायला मोठा डेटा लागत नाही. स्वतःच्या दुसऱ्या वर्षाच्या जर्नलमधला लॉगिनचा कोड काढा, सोबत वर्गातल्या आणखी चार-पाच जणांचा मागून घ्या, आणि एसक्यूएलची ती एक ओळ प्रत्येकात कशी लिहिली आहे ते शेजारी शेजारी ठेवून बघा. काय दिसलं ते मला जरूर लिहा.